डाव्या हाताचा काटा

पडदा वर जातो. रंगमंचाच्या मध्यभागी एक फिरती खुर्ची; हातांवरचं कातडं फाटलेलं, वरून चिकटपट्टीने सांधलेलं. समोर भिंतभर आरसा. त्याच्या एका कोपऱ्यातला पारा उडालाय, त्यामुळे बसणाऱ्याचा एक कान कायम धुक्यात. फळीवर पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, कात्र्या, कंगवे, तुरटीचा खडा, पावडरचा डबा. मागे वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. आणि आता नायकाचा प्रवेश: उंचापुरा, आखूड पांढरा कोट घातलेला, तुळतुळीत टकलाचा माणूस. जन्मभर दुसऱ्यांचे केस कापले आणि स्वतःच्या डोक्यावर औषधालाही एक उरला नाही.

गल्लीत त्यांना तोंडावर उस्ताद म्हणत आणि पाठीमागे सफाचट. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. "सफाचटच म्हणा हो," ते एकदा मला म्हणाले, "निदान त्यात काम दिसतं. उस्ताद काय, कुणीही असतो."

मी नाटकात होतो तोवर माझं डोकं माझं नव्हतंच, ते टोपवाल्याच्या ताब्यात होतं. टोप म्हणजे नाटकातले खोटे केस; तो नीट बसावा म्हणून आपले केस अगदी बारीक ठेवावे लागत आणि त्यासाठी मी दर आठवड्याला उस्तादांच्या खुर्चीत बसायचो. रंगभूमी सुटली तरी ही सवय सुटली नाही. आता कापण्यासारखं फारसं नसतं, पण उस्ताद पूर्वीइतकाच वेळ घेतात. "भरपूर पीक कुणीही कापील," म्हणतात, "विरळ पिकाला हात हवा." तर त्या खुर्चीतून आणि त्या बाकावरून जे पाहिलं, ते सांगतो.

उस्तादांच्या घरी मात्र केसांचं राज्य होतं. आमच्या वहिनींचे केस कमरेच्या खालपर्यंत, आणि दाट इतके की वेणी घातली तर मुठीत मावायची नाही. लग्न झाल्यापासून उस्तादांनी त्यांची फक्त टोकं सारखी केली होती. ते कौतुक ते कधी बोलून दाखवत नसत, पण वहिनी डबा घेऊन दुकानात आल्या की त्यांच्या हातातली कात्री क्षणभर थांबायची, हे मी अनेकदा पाहिलंय. गिऱ्हाइकाच्या कानाजवळ थांबलेली कात्री लगेच लक्षात येते.

वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्या मोठाल्या गरगरणाऱ्या यंत्रांत. तिथे केस घट्ट बांधून वर टोपी घालावी लागते. मोकळी बट यंत्राजवळ चालत नाही. एका सकाळी ओल्या फरशीवरून त्यांचा पाय सरकला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीपर्यंत वर जाई आणि तिथेच अडे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर समाधान माना. वहिनींनी मानलं. त्या डाव्या हाताने बटणं लावायला शिकल्या, कुलूप उघडायला शिकल्या, सही करायलाही शिकल्या. अंबाडा तेवढा हट्टाला पेटला. तो दोन हातांशिवाय होईना.

आता पहिला अंक. दुपारची वेळ, दुकानात मी एकटा, गळ्याभोवती कापड. वहिनी आत आल्या आणि मी उठायच्या आत म्हणाल्या, "बसा भाऊ, तुमचं होऊ द्या. मी थांबते. आज मी गिऱ्हाईक आहे."

"काय गं, काय झालं?" उस्ताद म्हणाले.

"कापून घ्यायचंय."

"काय कापून?"

"काकडी! केस हो. दुसरं काय कापता तुम्ही?"

उस्तादांनी माझ्या मानेवरचं कापड सोडलं, माझं अर्धं डोकं तसंच राहिलं. "मी बांधतो ना रोज तुझा अंबाडा."

"सकाळी तुम्ही बांधता. परवा आणि काल कामावर जाऊन पाहिलं ना मी? दुपारी टोपी काढली की सुटतो. मग त्या पोरी धावत येतात, थांबा मावशी, आम्ही बांधतो. मी आपली मान खाली घालून उभी. एक केस ओढते, दुसरी म्हणते हळू गं, बाईंना दुखेल. मला नाही दुखत काही. मला ते उभं राहणं नकोय." त्यांचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. "म्हणून उरलेली रजा टाकली. रजा संपायच्या आत डोकं हलकं करा."

"अगं, पण..."

"का, बाहेरच्या दुकानात जाऊ? लोक म्हणतील नवरा सलूनवाला आणि बायको शेजारच्याकडे. अब्रू तुमचीच जाईल."

उस्तादांनी कात्री उचलली. उघडली, मिटली. आरशात वहिनींकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"रजा संपेपर्यंत मला दे," ते म्हणाले. "तुझा तुला एका हाताने बांधता येईल असं काहीतरी करतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मीच कापीन. शब्द दिला."

"नुसतं घरात जमून चालायचं नाही. कामावर सुटला की त्या संध्याकाळी कापायचे. भाऊ, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

अर्ध्या कापलेल्या डोक्याने मी साक्षीदार झालो.

बाजारात मिळेल ते सगळं उस्तादांनी आधी आणून पाहिलं. चाप आणले, केसांच्या वजनाने त्यांचे दात उडाले. रबराला दोन हात लागतात. जाळीत केस भरायलाच दोन हात लागतात, मग जाळी घालणं लांबच. पुढे एकदा बसमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती आणि तिच्या अंबाड्यात एक लाकडी काटा खोवलेला होता: दोन लांब दात, वर छोटी मूठ, बस्स. उस्ताद तो काटा बघत आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं झालं, वहिनी बरोबर नव्हत्या."

"मी तिलाही सांगितलं," ते म्हणाले. "ती म्हणाली, बाईचं तोंड कसं होतं? मी म्हटलं, तोंड पाहिलंच नाही."

तसा काटा दुकानात मिळाला, पण वहिनींच्या केसांपुढे तो दात कोरायच्या काडीसारखा दिसला. तेव्हा उस्तादांनी ठरवलं, आपणच करायचा. त्या वयापर्यंत त्यांनी लाकडाला हात लावला होता तो फक्त बाकावर बसण्यापुरता.

दुकानाच्या समोर सुतारदादांची शेड. सुतारदादा म्हणजे तोंडाने फटकळ, हाताने उदार. त्यांनी एका जुन्या खुर्चीच्या पायाचा काळसर, जड तुकडा दिला, एक चाकू दिला, एक कानस दिली आणि त्याबरोबर हवं तितकं ज्ञान फुकट दिलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना उस्ताद शेडच्या दाराशी स्टूल टाकून बसू लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांचा धंदा आडवा आला. दाढी करताना शेवटी एकदा उलटा हात मारला की गाल गुळगुळीत होतो, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. लाकडावरही त्यांनी उलटा हात मारला. ढलपी उडाली आणि दात बिस्किटासारखा तुटला.

"उस्ताद, लाकडाला गालफडं नसतात," सुतारदादा म्हणाले. "त्याच्या रेषा बघा, त्या वाटेने जा. उलटे गेलात की ते बिथरतं. आणि दात रेषेच्या लांबीत काढा. आडवा काढलात तर तुटणार नाही तर काय?"

"आधी सांगायचं होतंत."

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

उस्तादांनी दुसरा तुकडा मागितला. मग तिसरा. जी तुरटी आजवर दुसऱ्यांच्या गालांवर फिरवली, ती आता त्यांच्या स्वतःच्या बोटांवर फिरू लागली. गिऱ्हाईक विचारी, "हे काय, उस्ताद, वस्तरा उलटला?" ते म्हणत, "नवीन शाळेत घातलंय मला. मास्तर मारकुटे आहेत." आणि पुन्हा दुपारी स्टुलावर. चिडचिड नाही, सुस्कारा नाही. मी नाटकातले पुष्कळ जिद्दी लोक पाहिलेत. त्यांची जिद्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येई. उस्तादांच्या जिद्दीचा आवाज फक्त कानशीचा होता.

पहिला न तुटलेला काटा झाला तो दिवस त्यांनी साजरा केला तो पॉलिशपेपर आणून. खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी तेलाचं बोट. काटा काचेसारखा चमकायला लागला. बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून, जशी ते दाढी तपासतात तशी, ते म्हणाले, "हात फिरवून बघा." मी फिरवला. एखाद्या राजपुत्राच्या गालाची आठवण झाली.

घरी वहिनींच्या अंबाड्यात त्यांनी तो स्वतः खोवला. वहिनी बादलीवर वाकल्या आणि काटा सुळकन निघून पाण्यात पडला, मागोमाग अख्खा अंबाडा.

"माझे केस आहेत हे," वहिनी म्हणाल्या, "घसरगुंडी नाही."

सुतारदादा हे ऐकून शेडच्या खांबाला धरून हसले. मग त्यांनी कानस घेऊन दातांच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे काढून दाखवले. "बाहेरून गुळगुळीत, आतून जरा धरणारा. माणसालाही हेच लागू आहे, पण ते जाऊ द्या."

पुढचा काटा उस्तादांनी मन लावून केला. डोक्याच्या गोलाईप्रमाणे दातांना बाक दिला. मागे उभे राहून वहिनींचे केस वळले, काटा घातला, आणि तो अंबाडा दिवसभर ढळला नाही. वहिनी वाकल्या, झाडून काढलं, दुपारी झोपून उठल्या. अंबाडा जागच्या जागी. रजा संपत आली होती आणि उस्ताद दुकानात शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येत नाही, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी त्यांनी काटा काढून वहिनींच्या डाव्या हातात दिला. "आता तू."

वहिनींनी केस डाव्या हातात गोळा केले. ते धरले तर काट्याला हात नाही; काटा घेतला तर केस सुटले. काटा ओठांत धरून पाहिला. एकदा कसाबसा आत गेला, तर दातांचा बाक बाहेरच्या बाजूला आला आणि टोक कानाला लागलं. पुन्हा केलं. पुन्हा. शेवटी त्यांनी काटा टेबलावर ठेवला, आपटला नाही, ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हाताचा आहे. लावून द्यायला कुणीतरी हवंच असेल, तर त्या पोरी काय वाईट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद दुकान न उघडता माझ्या दारात उभे. टक्कल घामाने चमकत होतं. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. मग म्हणाले, "जन्मभर मी माणसाच्या मागे उभा राहिलो. मला डोकं ठाऊक आहे ते मागून. तिला ते तिथून कुठे दिसतं? तिचा हात पुढून जातो, न बघता जातो. मी माझ्यासाठी काटा कोरत होतो." आणि लगेच, "तुमच्याकडे तो राणीचा टोप आहे ना?"

होता. आमची नाटक कंपनी बंद झाली तेव्हा प्रत्येकाने काहीतरी उचललं. कुणी तलवार घेतली, कुणी सिंहासनाची उशी. मी राणी होणाऱ्या नायिकेचा टोप घेतला, कारण तो दुसऱ्या कुणी नीट विंचरला नसता. त्या केसांखाली ती बाई रोज रात्री मरायची आणि रोज रात्री लोक रडायचे. मी पेटी उघडली, कापूस काढला आणि टोप उस्तादांच्या हाती दिला.

आता हा प्रवेश मी रंगमंचावर कधी पाहिला नाही आणि आता पाहणारही नाही. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं. आपल्याच खुर्चीत उस्ताद. टकलावर कमरेपर्यंतचा काळाभोर टोप. उजवा हात दाढीच्या कापडाने अंगाशी गच्च बांधलेला, गाठ सुतारदादांनी मारलेली. डाव्या हातात काटा. मी आणि सुतारदादा बाकावर प्रेक्षक. उस्ताद केस गोळा करत, काटा शोधत, केस सुटत. पुन्हा गोळा करत. आम्ही आधी हसलो. मग हसू संपलं, कारण ते थांबेचनात.

एवढ्यात पोस्टमन डोकावला. खुर्चीमागून त्याला नुसते केस दिसले. "उस्ताद आहेत का, बाई?"

खुर्ची फिरली. "बसा, मीच आहे."

पोस्टमन बसला नाही. पाकीट दारातच ठेवून निघून गेला.

त्यानंतर किती तरी वेळाने उस्तादांनी वैतागून गोळा केलेल्या केसांत काटा आडवा खुपसला आणि तो अडकला. बाहेर काढायला त्यांनी मूठ फिरवली. केस काट्याभोवती गुंडाळले गेले. उस्ताद थांबले. कुलपात किल्ली फिरवावी तशी मूठ आणखी एकदा फिरवली. केस आणखी गुंडाळले, वर चढले, आणि त्यांना धरायला दुसरा हात लागला नाही. काट्यानेच धरलं होतं. मग मूठ डोक्याकडे उलटवून त्यांनी दात आत सारायला जोर केला. बाक चुकीच्या दिशेला असल्यामुळे ते गेले नाहीत. पण तोवर उस्तादांना हवं ते दिसलं होतं.

"बाक उलटा हवा," ते म्हणाले. "आणि मूठ मोठी. तळहातात मावेल अशी."

दार उघडलं. वहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, आणि खांदा मोडल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसल्या. "अगंबाई, ही कोण आणलीत? माझ्याहून बरी दिसते की!" मग त्यांची नजर बांधलेल्या हातावर गेली आणि हसू ओसरलं. "हात का बांधलाय तो?"

"मागे उभं राहून कळत नव्हतं," उस्ताद म्हणाले. "ये, इथे बस. तू फिरव."

वहिनींनी डबा सुतारदादांच्या मांडीवर ठेवला. केस डाव्या खांद्यावर घेतले, काटा खुपसला, फिरवला. एका दमात. "अंगठा वर धरायला हवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली धरत होतात म्हणून घसरत होता." सुतारदादांनी खिशातून पेन्सिल काढून त्यांच्या अंगठ्याची जागा मुठीवर आखून घेतली.

नवा काटा रजेच्या शेवटच्या दुपारी झाला. लोक सोप्या गोष्टीला डाव्या हाताचा खेळ म्हणतात. मला त्या दिवसापासून ते म्हणवत नाही. वहिनींचा अंबाडा पूर्वीसारखा मध्यावर बसत नव्हता. डाव्या कानामागे, खाली, थोडा कलता. उस्ताद सरळ करायला पुढे झाले, तर वहिनींनी त्यांचा हात बाजूला केला. "असू द्या कलता. सकाळी कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. उस्तादांनी त्या दिवशी एका गृहस्थाची एक मिशी दुसरीपेक्षा आखूड केली आणि ती सारखी करता करता दोन्ही काढल्या. संध्याकाळ झाली तशी त्यांनी खुर्ची पुसली. धुतलेलं कापड हातावर घेतलं. चांगल्या धारेची कात्री फळीवर सरळ ठेवली.

"कशाला हे?" सुतारदादा म्हणाले.

"शब्द दिलाय. साक्षीदार इथे बसलाय."

मी बाकावरच सावरून बसलो. साक्षीदाराला बोलायचं असतं ते विचारल्यावर.

वहिनी आल्या. काटा डाव्या कानामागे होता, अंबाडा जागेवर होता. सुतारदादांनी टाळी वाजवली. वहिनी सरळ जाऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "टाळ्या नकोत. सुटला होता."

सुतारदादांनी हात मांडीवर घेतले.

"कितीदा?" उस्तादांनी विचारलं.

"दोनदा. टोपी काढताना एकदा. मग चादरींच्या गाडीवर वाकले तेव्हा."

उस्तादांनी कापड झटकलं आणि त्यांच्या गळ्याभोवती घालायला उचललं. हात स्थिर होता. चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही. "अट म्हणजे अट," ते म्हणाले.

"अट गेली चुलीत. पुढे काय झालं ते विचाराल की नाही?" वहिनींनी ते कापड ओढून मांडीवर घेतलं. "सगळ्या धावल्या, थांबा मावशी. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार. टोपी दातांत धरली, काटा फिरवला, बसवला. दोन्ही वेळा. मान खाली नाही घातली कुणापुढे. वर त्यातली एक म्हणते, मावशी, मला शिकवा. तिला दोन हात आहेत, तरी जमेना तिला!" त्यांनी फळीवरची कात्री उचलून खणात टाकली आणि खण बंद केला. "सुतारदादा, चहा सांगा बघू सगळ्यांना."

सुतारदादा चहा सांगायला धावले. मला वाटलं, आता उस्ताद बसतील, डोळे तरी पुसतील. ते खुर्चीला वळसा घालून पुढे आले, वाकले, आणि कपाळाला आठ्या घालून तो काटा बराच वेळ निरखत राहिले.

"वाकलीस तेव्हा सुटला, म्हणजे डावा दात अजून जाड आहे," ते म्हणाले. "काढ तो, चहा येईपर्यंत घासून देतो."